काजळी कोठे जाते?

इंग्लंडातील हिवाळा आपल्याकडील हिवाळ्यासारखा नव्हे. तेथे घर उबदार ठेवणे ही चैन नसून जगण्याची गरज आहे. त्यामुळे तेथील बहुतेक घरांत कोठे ना कोठे एखादा बॉयलर असतोच. कधी तो स्वयंपाकघरातील कपाटात दडविलेला असतो, कधी जिन्याखाली, तर कधी माळ्यावर. तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची कल्पना करणे कठीण जाऊ नये. जाळ, त्याच्या भोवती पाणी, आणि धूर जाण्यास नळी, हीच त्याची मूळ रचना. बंबाच्या नळीत काजळी धरली म्हणजे पाणी तापता तापत नाही. तोच न्याय तेथेही लागू पडतो. काजळी ही उष्णतेच्या वाटेवर अंथरलेली गोधडीच होय. म्हणून तेलावर अथवा घन इंधनावर चालणारा बॉयलर असला म्हणजे वर्षातून एकदा दुरुस्तीचा कारागीर येतो, झाकण उघडतो, आतील पत्रे बाहेर काढतो, ब्रशाने खरवडतो, आणि सुटलेली काजळी एका लहानशा यंत्राने ओढून घेतो.

हे यंत्र म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. ते विकत घेताना गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारते, ते ओढते किती? कारागिराने विचारावयाचा प्रश्न मात्र निराळा आहे. ओढलेले जाते कोठे? या दुसऱ्या प्रश्नाची किंमत इंग्लंडात एके काळी लहान मुलांनी आपल्या जिवाने चुकती केली आहे.

लाकडाऐवजी दगडी कोळसा जाळण्याची चाल पडली तशी तेथील धुराडी अरुंद होत गेली. १४ इंच लांब व ९ इंच रुंद हे माप सर्रास आढळे, आणि काही धुराडी तर अवघी ९ इंच चौरस असत. तेथे मोठा मनुष्य शिरणे अशक्य होते. म्हणून धुराडी झाडणारे मालक अनाथ व गरीब घरांतील मुले उमेदवार म्हणून ठेवीत. मुलाने कोपर व गुडघे भिंतींना रोवीत, ब्रशाने काजळी पाडीत वर सरकावयाचे. कोवळी कातडी सोलवटून निघे. ती निबर व्हावी म्हणून मुलास विस्तवाजवळ उभे करून जखमांवर मिठाचे पाणी चोळीत. सुटलेली काजळी प्रथम त्याच्याच डोळ्यांत, नाकात व घशात जाई, आणि उरलेली पोत्यात. रात्री हीच पोती त्याचे अंथरूण व पांघरूण होत. काजळी कोणी फेकून देत नसे, कारण शेतकरी ती खतासाठी विकत घेत. मालकास पोत्याचे पैसे येत. मुलाचे येत नसत.

१७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी एक गोष्ट लिहून ठेवली. धुराडी झाडणाऱ्यांस वृषणाच्या कातडीवर विशिष्ट प्रकारचा कर्करोग होतो, आणि तेथील वळ्यांत साचलेली काजळी हे त्याचे कारण होय, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे वैद्यकात प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले. त्यानंतर कायदे झाले. १७८८ च्या कायद्याने ८ वर्षांखालील मूल उमेदवार ठेवण्यास बंदी केली. १८४० च्या कायद्याने २१ वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविणे गुन्हा ठरले. परंतु कायदा पुस्तकात राहिला आणि मुले धुराड्यात राहिली.

येथे कोणी विचारील की दुसरा उपाय नव्हता काय? होता. जॉर्ज स्मार्ट याने १८०३ च्या सुमारास नळ्यांच्या तुकड्यांतून दोर ओवून, टोकास ब्रश बसवून, खालूनच धुराडे झाडण्याचे साधन तयार केले होते. पुढे जोसेफ ग्लास याने १८२८ मध्ये त्यात मोठी सुधारणा केली. असे असूनही पुष्कळ घरांतून मुलाचाच आग्रह धरला जाई. यंत्राने धुराडे नीट झाडले जात नाही, शिवाय गालिचे खराब होतात, अशी तक्रार असे. गालिचा आणि मूल यांत गालिच्याचा विचार आधी झाला, ही त्या सुसंस्कृत समाजाच्या इतिहासातील नोंद कोणासही पुसता येणार नाही.

१८७५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजजवळील फुलबर्न येथे मनोरुग्णालयाचे धुराडे झाडावयास जॉर्ज ब्रूस्टर नावाचा ११ वर्षांचा मुलगा चढविला गेला. तो आत अडकला. भिंत फोडून त्यास बाहेर काढण्यात आले, पण तो वाचला नाही. मालकास ६ महिन्यांची सक्तमजुरी झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी या मृत्यूचे प्रकरण हाती घेतले आणि त्याच वर्षी नवा कायदा संमत करून घेतला. धुराडी झाडणाऱ्या मालकास दर वर्षी पोलिसांकडून परवाना घेणे भाग पडले. पूर्वीच्या कायद्यांत पाहणारे कोणी नव्हते. आता पाहणारे आले. तेव्हा कोठे ही प्रथा मोडली.

गालिच्यांचे भाग्य मात्र थोड्याच वर्षांत उघडले. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज इंजिनियर लंडनच्या एका नाट्यगृहात एका नव्या यंत्राचा प्रयोग पाहावयास गेला. ते यंत्र जोराने हवा फुंकून धूळ उडवीत असे. उडालेली धूळ थोड्या वेळाने पुन्हा जागच्या जागी बसे, हे त्याच्या लक्षात आले. फुंकण्याऐवजी ओढावे, आणि मध्ये कापड धरावे, असा विचार त्याच्या मनात आला. पुढे एका उपाहारगृहात त्याने आसनाला तोंड लावून स्वतःच श्वास ओढून पाहिला. ठसका लागून जीव घाबरा झाला, पण विचार खरा ठरला. त्याचे यंत्र घोडागाडीएवढे मोठे असे. ते रस्त्यावर उभे करून खिडकीतून लांब नळ्या घरात सोडीत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे याच यंत्राने स्वच्छ करण्यात आले.

ते यंत्र घरात आणले ते अमेरिकेतील एका झाडूवाल्याने. ओहायो राज्यातील कँटन गावचा जेम्स मरे स्पँगलर हा दम्याचा रोगी होता, आणि झाडताना उडणारी धूळ त्यास सोसत नसे. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांतून एक साधन बनविले. १९०८ मध्ये त्यास पेटंट मिळाले. पुढे हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतले, आणि त्या यंत्रास त्याच कुटुंबाचे नाव जगभर मिळाले.

अभ्र्यात केर राहतो. काजळी राहत नाही. तिचे कण कित्येकदा मायक्रॉनहूनही लहान असतात, आणि साध्या कापडातून ते हवेबरोबर सहज पार होतात. घरातील साध्या यंत्राने बॉयलर साफ केला तर पुढून ओढलेली काजळी मागून अदृश्य होऊन बाहेर पडते. कारागीर जिन्याखाली वाकून तीच श्वासात घेतो. बूथने पाहिलेला फुंकण्याचा प्रयोग निराळ्या रूपाने पुन्हा सुरू होतो. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत अणुबाँबच्या कामी किरणोत्सर्गी धूळ अडविण्यास जे गाळणे शोधले गेले, त्यातूनच आजचे ‘हेपा’ गाळणे निघाले. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ते ९९.९७ टक्के अडविते.

युरोपात आता अशा यंत्रांची प्रतवारी ठरलेली आहे. धुळीचा किती अंश पार जाऊ द्यावयाचा यावरून ती लावतात. एल वर्गात १ टक्का, एम वर्गात ०.१ टक्का, आणि एच वर्गात ०.००५ टक्का. एम वर्गाच्या यंत्रात नळीतील हवेचा वेग मंदावला म्हणजे इशारा वाजतो, आणि काजळीच्या कामात हा इशारा मोलाचा, कारण गाळणे पाहता पाहता बुजते. ज्या बॉयलरच्या जुन्या वेष्टनात अगर दोरीच्या बंदात ॲस्बेस्टॉस असेल तेथे एम वर्गही चालत नाही. एच वर्गच हवा. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. त्यापूर्वीचे कितीतरी बॉयलर, भिंती व नळ्या अजून जागच्या जागी आहेत.

कपाटात व माळ्यावर काम करावयाचे म्हणजे यंत्र लहान हवे, हे खरेच. परंतु यंत्र लहान केले की गाळणेही लहान होते आणि लवकर भरते. बॅटरीवर चालणारे यंत्र जिन्यावरून नेण्यास सोईचे असते, पण बारीक गाळण्यातून हवा ओढावयास जोर लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. लाकडाच्या शेगडीत निखारा राखेखाली तासन् तास जिवंत राहतो, तो कागदी पिशवीत गेला तर पिशवीच पेटावयाची. तेथे धातूचे पात्र असलेले वेगळे यंत्र घ्यावे. गॅसच्या नव्या बॉयलरमध्ये वाफ थिजून पाणी साचते व त्यात गाळ बसतो. त्यासाठी पाणी ओढू शकणारे यंत्र असावे लागते. एकच यंत्र या सर्व कामांना पुरावे ही अपेक्षा दुकानदारास आवडते, कारागिरास परवडत नाही.

यंत्र घेताना अनुभवी कारागीर ते चालू करून पाहतो, पण मोटरच्या आवाजाकडे फारसे लक्ष देत नाही. तो झाकण उघडून पिशवी कशी बसते, ती बंद तोंडाने बाहेर निघते की नाही, आणि गाळणे बदलताना काजळी हातावर सांडते काय, एवढे पाहतो.