जुन्या कार्डावरची आपली बाजारपेठ

लोणावळ्यावर लेख लिहायचा म्हटलं की राजमाची, लोहगड, कार्ल्याची लेणी आणि भुशी धरण ही नावं ठरलेली. बाजारपेठेवर कोणी लिहीत नाही. रोजच्या पायाखालचा रस्ता, त्यात काय लिहायचं? पण गावाचा इतिहास गडावर जेवढा आहे तेवढाच दुकानांच्या ओट्यावर आहे असं माझं मत आहे. म्हणून रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

आधार आहे एका चित्राच्या पोस्टकार्डाचा. पुण्याच्या जुन्या बाजारात रद्दीच्या ढिगात ते मला मिळालं. माझी सगळी नोकरी पोस्टात झाली, त्यामुळे कार्ड हातात आलं की मी आधी मागची बाजू बघतो. तिकिटावर दाढीवाला राजा, म्हणजे सातवा एडवर्ड. त्याची तिकिटं आपल्याकडे १९०२ पासून आली आणि १९११ पासून पंचम जॉर्जची सुरू झाली. शिक्का पुसट आहे, तारीख लागत नाही, पण कार्ड साधारण त्या दहा वर्षांतलं. मागची बाजू मधोमध रेघ मारून दुभागलेली आहे, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. त्याआधीच्या चित्रकार्डांवर मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी असे. मजकूर चित्राच्या कडेला, मिळेल त्या जागेत कोंबायचा. या कार्डावर भायखळ्याच्या कोणाला तरी दोन ओळीत कळवलंय की हवा चांगली आहे, शनिवारच्या गाडीने या. बस्स!

आता पुढची बाजू. खाली इंग्रजीत छापलंय, ‘बझार, लानोवली’. साहेबांच्या तोंडी आपल्या गावाचं नाव तेव्हा असंच होतं. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना उतरत्या कौलारू छपरांची दुकानं, पुढे पडवी आणि ओटा. दुकानांना शटर नाही, फळ्या. सकाळी एकेक फळी खाचेतून काढायची आणि रात्री त्याच क्रमाने लावायची. छपरं पुढे एवढी झुकलेली आहेत की पाट्या सावलीत गेल्यात, वाचता येत नाहीत. जिथे पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे छप्पर असंच हवं. मालही सुका आणि गिऱ्हाईकही सुकं. एक टांगा उभा आहे, एक बैलगाडी आहे, डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आहे. विजेची तार एकही नाही.

ती तार नसणं मला मोठं बोलकं वाटतं. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे टाटांनी पाणी अडवलं, ते खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून त्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. हे कार्ड त्याच्या आधीचं. म्हणजे कार्डावरची माणसं कंदिलाच्या उजेडात दुकान चालवणारी.

ही पेठ इथे का झाली, हे समजायला आणखी मागे जावं लागतं. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता १८३० मध्ये झाला, गव्हर्नर माल्कमच्या काळात. रेल्वे आली ती तुकड्यातुकड्याने. खालून १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि वरून खंडाळा ते पुणे १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट मात्र तसाच. पाच वर्षं लोक खोपोलीला उतरायचे, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढायचे आणि वर पुन्हा गाडीत बसायचे. घाटाचा मार्ग पुरा झाला १८६३ मध्ये. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीने किती गेले त्याला हिशेब नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुरं करून घेतलं.

एवढी माणसं डोंगरात राबतात तेव्हा त्यांना खायला लागतंच. चिक्कीची गोष्ट इथूनच सांगतात. मगनलाल यांच्या घराण्यात रेल्वेच्या मजुरांना गूळदाणी विकली जायची, तीच पुढे चिक्की झाली, अशी कथा आहे. मला त्यात खरी गंमत वाटते ती गाडीच्या थांब्याची. घाट चढताना मागे जोडलेली इंजिनं वर आल्यावर सोडायची, म्हणून गाडी थांबणार. वाफेचं इंजिन पाणी पिणार, त्यासाठी तर रेल्वेने भुशीचं धरण बांधलं. ज्या धरणात आज लोक भिजायला येतात ते इंजिनांची तहान भागवायला झालं! तर गाडी थांबली की प्रवाशाच्या हाताशी मोजकी मिनिटं. तेवढ्यात खिडकीतून घेता येईल, हात बरबटणार नाहीत, आठ दिवस टिकेल आणि घरी पोरांना देता येईल असं काय? शेंगदाणे भाजून सोलायचे, गुळाचा पाक पाण्यात टाकून बघायचा, थेंब कडक झाला की दाणे घालायचे, तेल लावलेल्या पाटावर लाटायचं आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. गार झाली की वड्या आपोआप सुटतात. हा पदार्थ थांब्याने घडवला असं मी म्हणतो.

पण कार्डावरच्या पेठेत चिक्कीपेक्षा दुसरीच दुकानं जास्त असणार, कारण गिऱ्हाईक दुसरं होतं. लोणावळा तेव्हा रेल्वेचं गाव होतं. इंजिनांचा कारखाना, ड्रायव्हर, फायरमन, फिटर, त्यांची बिऱ्हाडं. इम्पीरियल गॅझेटियरमध्ये लोणावळ्याच्या नोंदीत रेल्वेची शाळा, दोन चर्च यांच्या जोडीला एका सहकारी भांडाराचाही उल्लेख आहे. सहकार हा शब्द आपल्या गावाला आपल्या सोसायटीच्या नोंदणीच्या शंभर वर्षं आधी ठाऊक होता, हे सभासदांनी ध्यानात ठेवावं.

दुसरं गिऱ्हाईक बंगल्यांचं. १८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि ज्यांना परवडत होतं त्यांनी घाटावर हवा शोधली. पारशी, बोहरी, भाटिया, गुजराती मंडळींचे बंगले वाढले. खानसामा पिशवी घेऊन पेठेत उतरायचा. आणि तिसरं गिऱ्हाईक मावळातलं. भात विकून मीठ, कापड, रॉकेल, बांगड्या घेऊन जाणारं. ठाकर-कातकरी करवंदं, मध, मोळ्या घेऊन यायचे. त्यांचा माल याच रस्त्यावर विकला जायचा आणि याच रस्त्यावर त्या पैशाचं मीठ-मिरची व्हायचं. एक रस्ता, तीन गिऱ्हाइकं. पेठ टिकली ती या तिघांवर.

याच प्लेगने आपल्याकडे आणखी एक धंदा आणला. राजा रविवर्म्याचा चित्रांचा छापखाना मुंबईहून आपल्या शेजारच्या मळवलीला आला. घराघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींखाली ‘कार्ला-लोणावळा’ छापलेलं असायचं ते म्हणूनच. त्या छापखान्याने चित्रकार्डंही काढली. माझं कार्ड त्यांचं नाही, पण चित्रं छापून देशभर पाठवणारं गाव आपल्या पलीकडच्याच स्टेशनावर होतं. दादासाहेब फाळके तिथलंच काम करायचे. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यात स्वतःचा छापखाना काढला, तो पुढे दादरला नेला. ‘राजा हरिश्चंद्र’ आला १९१३ मध्ये. म्हणजे या कार्डाच्या दिवसांत फाळके आपल्या गावात राहत होते, कागद, शाई, चहा, साखर आणायला कुठल्या तरी ओट्यावर चढत असणार. कुठल्या दुकानाच्या, ते कोणी लिहून ठेवलं नाही.

माझा मुद्दा इथेच आहे. पुढचे बदल आपल्यापैकी ज्येष्ठांना माहीत आहेत. १९३० च्या सुमाराला घाटात विजेची गाडी आली आणि वाफेच्या इंजिनांची वर्दळ कमी होत गेली. मोटारी वाढल्या. मुंबई-पुण्याचा सगळा रस्ता गावातून जायचा, त्यामुळे दुकानांनी तोंड रस्त्याकडे केलं. मग द्रुतगती मार्ग आला, २००२ मध्ये पुरा झाला. आपली सोसायटी त्याच सुमारास उभी राहिली. तेव्हा पेठेत सगळे म्हणायचे, आता गाड्या बाहेरून जाणार, बाजार बसला! बाजार बसला नाही. उलट शनिवार-रविवारी कुमार चौकातून चालायला जागा नसते. आता घाटाचा वळसा टाळणारा ‘मिसिंग लिंक’चा बोगदा लोणावळा तलावाच्या पोटाखालून काढलाय. त्यानेही बाजार बसणार नाही.

पण बाजार बदलला. धान्याचं दुकान गेलं, तिथे चिक्की. शिंप्याचं गेलं, तिथे चिक्की आणि फज. वह्या-पुस्तकांचं गेलं, तिथे ‘ऑल फ्लेवर्स’. चिक्कीवाल्यांवर माझा राग नाही, गावाचं नाव त्यांनी मोठं केलं. पण तीन गिऱ्हाइकांतलं एकच उरलं तर पेठेची एकच बाजू जिवंत राहते. २०२० च्या मार्चमध्ये ते आपण डोळ्यांनी पाहिलं. टाळेबंदी लागली, पाहुणे थांबले आणि अर्धी पेठ एका दिवसात मुकी झाली. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी पिठाची, डाळीची पोती कोणी आणली? उरलेल्या दोन-तीन किराणावाल्यांनी. यादी फोनवर घेतली, पैसे वहीत लिहिले. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा आपल्या वृद्ध सभासदांची औषधंही त्याच पिशवीतून आली. कोणत्याही अ‍ॅपवर तेव्हा इथली डिलिव्हरी मिळत नव्हती.

त्यातल्याच एका दुकानदाराला मी परवा विचारलं, मुलगा पुढे दुकान चालवणार का? तो म्हणाला, “मास्तर, पाहुणा शनिवारी येतो. सोमवारी मी दुकान उघडतो ते तुमच्यासाठी. पण सोमवारी आता येतं कोण? चिक्कीवाला भाडं दुप्पट द्यायला तयार आहे. तुम्हीच सांगा, पोराला काय सांगू?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आपल्या इमारतीतले निम्म्याहून जास्त फ्लॅट सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात. उरलेल्यांच्या दारात रोज खोकी येऊन पडतात, माझ्याही दारात. सोय कोणाला नको असते? पण त्या खोक्यावर उधारीची वही नसते, आणि अडीअडचणीला ते खोकं दार वाजवून “मास्तर, बरे आहात ना?” असं विचारत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन विनंत्या. पहिली, महिन्याचं निम्मं तरी सामान पेठेतून भरा, तेही मधल्या वारी. आठवडी राहायला येणाऱ्या सभासदांनीही शुक्रवारी येताना मुंबईहून डाळ-तांदूळ आणण्यापेक्षा इथला मावळचा तांदूळ घ्यावा, चव तरी कळेल. दुसरी, जुन्या कार्डावर नावं नाहीत, आपण ती लिहून ठेवू. आपण राहायला आलो तेव्हा कोपऱ्यावर दळणाची चक्की कोणाची होती, इस्त्रीवाला कोण, पोरांच्या शाळेच्या वह्या कुठून घ्यायचो, गणपतीची मूर्ती कुठल्या दुकानातून यायची. आठवेल तसं एका कागदावर लिहा, जुना फोटो असेल तर जोडा आणि सोसायटीच्या ऑफिसात द्या. मी त्याची एक वही करतोय. आतापर्यंत तिच्यात सतरा दुकानं झाली आहेत, त्यांतली अकरा आज नाहीत. ऑफिसातल्या कपाटात वरच्या कप्प्यात ती ठेवली आहे. संध्याकाळी सहा ते आठ कोणालाही बघता येईल.