पेप्टाइडची साखळी

७. पेप्टाइड : अमिनो आम्लांची छोटी साखळी, सुमारे पन्नासांहून लांब साखळीला प्रथिन म्हणण्याचा प्रघात आहे. तुरीची डाळ पचते, तेव्हा तिच्यातली प्रथिने तुटून हीच आम्ले सुटी होतात. औषध घडवणारा रसायनज्ञ ती ठरल्या क्रमाने जोडतो. ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत (नोबेल, १९८४) पहिले आम्ल रेझिनच्या बारीक मण्याला बांधतात. मग दर खेपेला टोकावरचा संरक्षक गट काढायचा, पुढचे आम्ल जोडायचे, उरलेसुरले धुऊन टाकायचे. शेवटी साखळी मण्यावरून सोडवायची. प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली, तरी तीस आम्लांची अचूक साखळी सुमारे ७५ टक्केच हाती लागते. ९५ टक्के साधली, तर जेमतेम २३. म्हणूनच एकेका टक्क्यासाठी झटणाऱ्या या संशोधकांचे मोल मोठे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश यांच्या गटाने पेप्टाइडसारखा कणा असलेल्या, डीएनएला चिकटणाऱ्या रेणूंवर केलेले काम याच परंपरेतले. — संपा.