आजाराला वाली कोण?

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनने करांच्या पैशातून सर्वांस विनामूल्य उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. त्याच वर्षी भारतात कामगार राज्य विमा कायदा झाला. पण तो कारखान्यांतील कामगारांसाठी होता. त्या सप्टेंबरात निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या परभणीत बहुतेक हात कापूस-ज्वारीच्या रानात राबत होते. ज्याला पगारच नाही, त्याची वर्गणी कापायची कशातून?

जर्मनीपुढेही हाच पेच होता. बिस्मार्कच्या काळातील १८८३ चा आजारविमा औद्योगिक कामगारांपासून सुरू झाला. शेतमजुरांना त्यात सामावून घेणारा कायदा १९११ साली आला. परभणीत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ च्या नोव्हेंबरात पोहोचली. पुढे परभणीसह १४ आपद्ग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरीही तीत आले. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते.

तरीही २०२१-२२ मध्ये भारतातील आरोग्यखर्चाच्या दर शंभर रुपयांतले सुमारे ३९ रुपये कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून भरले. ब्रिटनमध्ये हा वाटा साधारण सातवा हिस्सा असतो. योजना शस्त्रक्रियेच्या वेळी धावून येते, दुकानातून रोज घ्याव्या लागणाऱ्या गोळीसाठी नाही. वालीपणाचा कस तिथेच लागतो.