तगरच्या वाटेवरील इटालियन मद्य आणि त्याचा चखणा

१/ दुधनीच्या उत्तरेस, धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गाव आहे, प्राचीन तगर. इ. स. च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ ही ग्रीक व्यापारपुस्तिका सांगते की, पैठणच्या पूर्वेस १० दिवसांच्या वाटेवरील या नगरातून कापड गाड्यांत भरून भडोचला जाई. भडोचला उतरणाऱ्या मालात मद्य होते आणि पहिली पसंती इटालियन मद्याला होती. राजासाठी उंची मद्य निराळे येई.

२/ ते घाट चढून वर आले का? नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. मात्र भारतात पूर्वी ‘रोमन’ ठरवलेली बरीच खापरे पुढे मेसोपोटेमियन कुंभांची निघाली. तेव्हा प्रत्येक खापरात रोम पाहू नये.

३/ सोबत काय खात असतील? तगरचा पुरावा नाही. पण साधारण तिसऱ्या शतकातील कामसूत्र मद्यगोष्ठींसाठी खारट, कडू, तिखट, आंबट पदार्थ, फळे आणि भाज्या सांगते. त्यांना शब्द आहे ‘उपदंश’. आज तो एका रोगाचे नाव असल्याने ‘चखणा’च म्हणू!

४/ हे ‘तिखट’ मिरे, पिंपळी, सुंठ यांचे. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिकेचे. पोर्तुगीज येईपर्यंत सोलापुरी शेंगाचटणी अशक्यच. मिरचीने पोळलेल्या जिभेला गडद लाल वाइनचा तुरटपणा आणि मद्यार्काचा दाह अधिक जाणवतो. मिऱ्याच्या मटणासोबत मात्र तीच वाइन जुळते. रोमन लोक तर तीत पाणीही मिसळत.