‘रेझ’ आणि ‘रिअर’

इंग्रजींतील ‘रेझ’ हें क्रियापद आज इतकें घरगुती झालें आहे कीं, तें परकें असेल असें कोणास वाटणार नाहीं. ८६५ सालीं डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडांत उतरली. ८७८ सालीं आल्फ्रेड राजानें त्यांचा मोड केला. तरी पूर्वेस व उत्तरेस जमिनी धरून ते राहिलेच, आणि त्यांचा ‘रेइसा’ हा शब्द शेजाऱ्यांच्या तोंडीं रुळला.

वास्तविक त्याच अर्थाचा ‘रिअर’ इंग्रजांपाशीं होता, आणि तो या नवख्याचा सख्खा भाऊ! आपल्या ‘उठणें’वरून ‘उठविणें’ होतें, तशींच हीं दोन्ही एकाच जुन्या धातूचीं प्रयोजक रूपें. एकांत मूळचा ‘स’ राहिला, दुसऱ्यांत त्याचा ‘र’ झाला. हें कोडें पुढें कार्ल व्हेर्नर या डेन पंडितानेंच सोडविलें, व तेंही संस्कृतांतील स्वराघातांच्या आधारें.

पाहुण्यानें मात्र घर बळकाविलें. निशाण, सैन्य, पैसा, शंका, सारें ‘रेझ’कडे गेलें, वेढा आपण उठवितों, तसा इंग्रजही ‘रेझ’च करतो. ‘रिअर’कडे मुख्यतः मुलें-गुरें वाढविणें व घोड्याचें मागच्या पायांवर उभें राहणें एवढेंच उरलें. अमेरिकेंत तर मुलेंही ‘रेझ’ होऊं लागलीं. तो शब्द गुरांपुरताच ठेवा, असें शुद्धिवादी बजावीत राहिले, पण आयांनीं तें ऐकलें नाहीं.