फर्ग्युसन कॉलेजचे आद्य प्रिन्सिपाल व त्यांचे सहकारी

डेक्कन एज्युकेशन सोसायटींत इ. स. १८९० सालीं जो कलह झाला, तो टिळक व आगरकर यांच्या मतभेदाचा परिपाक होय, असें बहुतेक चरित्रकारांनीं लिहिलें आहे. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हा कलह ज्या खुर्चीसमोर चालला त्या प्रिन्सिपालाच्या खुर्चीवरून तो कसा दिसत असेल, याचा विचार फारसा कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. त्या खुर्चीवर त्या वेळीं वामन शिवराम आपटे बसले होते. संस्कृत शिकलेल्या प्रत्येक मनुष्याच्या मेजावर त्यांचा कोश असावयाचा, म्हणून कोशकार आपटे सर्वांस ठाऊक. प्रिन्सिपाल आपटे मात्र विस्मृतींत गेले. ही उपेक्षा आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी यांनीं काढलें. त्याच वर्षीं आपटे त्यांस येऊन मिळाले. ते कीलहॉर्नसाहेबांचे शिष्य व नुकतेच एम्. ए. झालेले, सरकारी खात्यांत त्यांस बरी जागा सहज मिळाली असती. शाळेच्या सुपरिंटेंडेंटचें काम त्यांजकडे आलें. शाळेची खरी कसोटी लागली ती १८८२ सालीं. त्या वर्षीं मार्चांत शास्त्रीबुवा वारले. पुढें जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कोल्हापूर प्रकरणीं टिळक व आगरकर हे डोंगरीच्या तुरुंगांत होते. एक संस्थापक स्वर्गवासी, दोघे प्रमुख शिक्षक बंदींत, अशा स्थितींत वर्ग नित्याप्रमाणें भरले. तुरुंगांतील १०१ दिवसांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या १०१ दिवसांत शाळेंत घंटा कोणीं वाजविली, हें लिहिण्यास कोणास सवड झाली नाहीं! शिक्षकी पेशांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास ही गोष्ट बोचते. त्याच वर्षीं हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढें शाळेच्या वतीनें साक्ष दिली तीहि आपट्यांनीं.

१८८४ च्या ऑक्टोबरांत सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजीं एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपाल वर्ड्स्वर्थ यांच्या हस्तें फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, केळकर, गोळे व धारप असे सात जण आरंभींचे लाइफ-मेंबर. वीस वर्षें संस्थेची सेवा करण्याची प्रतिज्ञा, दरमहा ७५ रुपये वेतन आणि ३००० रुपयांचा आयुष्याचा विमा, एवढ्यावर हा संसार मांडलेला होता. आपटे प्रिन्सिपाल झाले व संस्कृत शिकवूं लागले. गणित टिळकांकडे, इंग्रजी केळकरांकडे, इतिहास व तर्कशास्त्र आगरकरांकडे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. शेजारच्या डेक्कन कॉलेजांत प्रिन्सिपाल हा सरकारनें नेमलेला अंमलदार. त्याचा अधिकार वरून खालीं येई, आणि हाताखालच्या प्रोफेसरांनीं तो मानला नाहीं तर त्यांच्या मागें सरकारी खात्याचे नियम उभे असत. फर्ग्युसनमध्यें सर्व उलट. ज्यांस वेळापत्रक लावून द्यावयाचें, ज्यांच्या वर्गांची चौकशी करावयाची, तेच सहकारी मॅनेजिंग बोर्डांत समान मताचे धनी होते. वेतन सारखें, प्रतिज्ञा सारखी, मतहि सारखें. आपल्या जुन्या ग्रंथांतील कुलपति शिष्यांस अन्न देई आणि विद्याहि देई, म्हणून कुलांत त्याचा शब्द चाले. फर्ग्युसनच्या प्रिन्सिपालाजवळ देण्यासारखें असें कांहींच नव्हतें. असा मनुष्य सहकाऱ्यांस आज्ञा करूं शकत नाहीं; त्यांची संमति मात्र रोज नव्यानें मिळवूं शकतो. आपट्यांनीं ती सात वर्षें कशीबशी मिळविली, यांतच त्यांची योग्यता दिसते.

आतां १८९० सालाकडे वळूं. लाइफ-मेंबरानें आपला सर्व वेळ व सर्व शक्ति संस्थेस द्यावी, बाहेर मिळविलें तर तें समाईक फंडांत घालावें, हें टिळकांचें जेझुइट पंथाच्या नमुन्याचें तत्त्व. त्या वर्षीं गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हां बाहेरच्या उद्योगाचा वाद विकोपास गेला. ऑक्टोबरांत टिळकांनीं राजीनामा दिला, आणि डिसेंबरांत आपली बाजू सविस्तर लिहून सोसायटीकडे पाठविली. हा डिसेंबरचा लेख सोसायटीच्या इतिहासाचें एक मुख्य साधन आहे. लिमये यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या सोसायटीच्या इंग्रजी इतिहासाबरोबर ताडून पाहिल्यावांचून तो वाचूं नये, एवढें नव्या संशोधकांस सांगावेंसें वाटतें.

टिळकांचें म्हणणें तत्त्वतः निर्दोष होतें असें आमचें मत आहे. पण तें तत्त्व अमलांत कोणीं आणावयाचें? प्रिन्सिपालानें म्हणावें, तर त्याच १८९० सालीं आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडला! त्यापूर्वीं १८८४ सालीं इंग्रजी-संस्कृत कोश व त्याच्याहि आधीं संस्कृत रचनेचें पुस्तक त्यांनीं लिहिलें होतें. गोखल्यांचें अंकगणित बाहेरचा उद्योग ठरलें, तर कोश कोणत्या सदरांत घालावयाचा? कोशासारखें काम कॉलेजची कीर्ति वाढवितें हें खरें. तथापि नियम कडक लावला असतां त्याचा कर्ता स्वतःच आरोपीच्या रांगेंत उभा राहतो. न्यायाधीश पक्षकार झाला म्हणजे निवाडा बहुमतावर जातो, आणि बहुमतानें हरलेला मानी पुरुष उठून जातो. तसेंच झालें. दोष आपट्यांचा म्हणावा, तर ज्या घटनेंत त्यांस कोणताहि खास अधिकार नव्हता ती सातांनीं मिळून आनंदानें केलेली होती, हें विसरल्यासारखें होईल.

टिळक गेल्यावर गणित कोणीं शिकवावें ही अडचण पडली. गोखल्यांच्या बोलावण्यावरून १८९१ सालीं मुंबईहून धोंडो केशव कर्वे आले. दुसऱ्याच वर्षीं, ९ ऑगस्ट १८९२ रोजीं, आपटे वयाच्या ३४ व्या वर्षीं वारले आणि ती खुर्ची आगरकरांकडे आली.

आगरकरांची अडचण निराळी. सहकाऱ्यांशीं त्यांचें जमलें. गांवाशीं जमणें कठीण. प्रिन्सिपाल कॉलेजचा, आणि संपादक ‘सुधारका’चा, ज्या गृहस्थांकडून देणगीची आशा धरावयाची त्यांच्याच रूढींवर दर आठवड्यास प्रहार करावयाचा. १८९३ च्या मार्चांत कर्व्यांनीं पुनर्विवाह केला, तेव्हां कॉलेजचा गणिताचा प्रोफेसर व कॉलेजचा मुख्य दोघेहि सनातनी मंडळींच्या रोषास पात्र झाले. अशा वेळीं प्रिन्सिपालच्या जागीं दुसरा कोणी असता, तर कर्व्यांची नोकरी टिकती काय, याविषयीं आम्हांस शंका आहे. दम्यानें जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजीं वारले, तोंपर्यंत खुर्चीवर तेच होते. त्यांच्या मागून गोळे आले. त्यांच्या कारकीर्दीविषयीं येथें विस्तार करीत नाहीं.

१९०२ सालीं गोळ्यांच्या जागीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची योजना झाली. केंब्रिजचे सीनियर रँग्लर, पण वय अवघें २६. हे परांजपे कर्व्यांचे मामेभाऊ, आणि त्यांचें शिक्षण कर्व्यांच्याच घरीं राहून झालेलें. अठरा वर्षांनीं वडील असलेला पालक आतां आपण वाढविलेल्या मुलाच्या हाताखालीं गणित शिकवूं लागला. आणि १९१४ सालीं सेवेंतून मुक्त होईपर्यंत तें काम त्यानें केलें.