न जळालेला ध्वज : मद्रास, १९५५

राष्ट्रध्वज जाळणे ही अभिव्यक्ती मानावी काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास विरुद्ध जॉन्सन खटल्यात १९८९ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिलेल्या निकालापासून सुरू होते. भारतात हा प्रश्न त्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, उपस्थित झाला होता. तो भाषावादातून उद्भवला, म्हणून साहित्याभ्यासकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.

हिंदीच्या सक्तीविरुद्ध १ ऑगस्ट १९५५ रोजी राष्ट्रध्वज जाळण्याचे आवाहन पेरियार ई. वे. रामस्वामी यांनी केले. हिंदी लादली जाणार नाही, अशी ग्वाही मुख्यमंत्री कामराज यांनी दिली आणि आंदोलन स्थगित झाले. ध्वज जळाला नाही. तरीही सांगायचे ते सांगून झाले होते आणि त्याला उत्तरही मिळाले होते. कृती घडण्यापूर्वीच तिचा अर्थ पोहोचावा, हीच तिच्या भाषिक स्वरूपाची साक्ष होय.

पुढे जातिव्यवस्थेला घटनेचे संरक्षण मिळते, असा आक्षेप घेऊन २६ नोव्हेंबर १९५७ रोजी पेरियारांच्या अनुयायांनी राज्यघटनेच्या प्रती जाळल्या. त्याआधीच मद्रास विधिमंडळाने ध्वज व घटना यांच्या अवमानाला शिक्षा ठरवणारा कायदा घाईने संमत केला होता. अनेकांना कारावास भोगावा लागला. १९६३ साली अण्णादुराई यांनी जाळण्यासाठी घटनेचा केवळ सतरावा, राजभाषाविषयक भाग निवडला. ध्वज, संपूर्ण घटना, एकच भाग : निषेधाचे विधान उत्तरोत्तर नेमके होत गेलेले दिसते.

मराठी वाचकाला येथे महाडचे १९२७ मधील मनुस्मृतिदहन आठवेल. परंतु तेथे नाकारलेली वचने ग्रंथात लिहिलेली होती. ध्वजावर वाक्य नसते. जाळणारा एखाद्या धोरणाचा निषेध करीत असला, तरी पाहणाऱ्याला सर्वस्वाचा अव्हेर दिसू शकतो. ध्वजदहनाविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे. मात्र तो कृतीच्या संदिग्धतेचा आहे, अर्थशून्यतेचा नव्हे; आणि संदिग्धता हा भाषेचाच गुण आहे.

केंद्राच्या १९७१ च्या कायद्याने सनदशीर बदलासाठी केलेली टीका गुन्ह्यातून वगळली, दहन मात्र दंडनीय ठरवले. उलट, २००४ साली नवीन जिंदल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदरपूर्वक ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. ध्वज उभारणे हे बोलणे असेल, तर तो जाळणे हेही त्याच भाषेतील नकारार्थी वाक्य ठरते. त्यावर निर्बंध असावा काय, हा कलम १९(२) मधील वाजवी निर्बंधांचा स्वतंत्र प्रश्न आहे. ते बोलणेच नाही असे म्हणून तो टाळता येत नाही. कामराजांनी १९५५ साली त्या बोलण्याला उत्तर दिले होते.